ती काय जेवली ते लिही

अंजूर
१७ जानेवारी २०२४

माजिदा,

फोनवर तुला ऐकू जात न्हाय आणि तुझ्या सुनेच्या, रुबीनाच्या हाती निरोप दिला की अर्धाच पोचतो, म्हणून कागदावर लिहिते. पंढरीच्या रिक्षातून पाठवते. तो रोज तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असतो.

शनिवारी आमी बँकॉकला चाललो. मी, भाविक आणि सून निशा. निशाला दुकानासाठी कपडे आणायचे हायेत. तिथं घाऊक बाजार मोठा हाय म्हणते. भाविक म्हणाला, "आई, तू पण चल. ठाण्याच्या पुढं तू काय बघितलंस? सात दिवस फीर, खा, मनाला येईल ते घे." करिष्माचं काय, विचारलं. म्हणाला, माजिदा खालाकडे राहील, मी बोललोय. तू हो म्हणालीस म्हणून मीपण हो म्हणाले. चौतीस वर्षांत तिला एक रात सोडलेली न्हाय.

तुला माझी पोर लहानपणापासून माहीत हाय. अंगानं चौतीस वर्षांची बाई आणि जीव चार वर्षांचा. पण तुझ्या घरी कोणी नवीन माणूस तिच्याजवळ बसणार असेल तर त्याला हे पत्र वाचून दाखव.

सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी बोलायचं न्हाय. आधी पाणी द्यायचं, मंग नाव घ्यायचं. भात कालवून द्यावा लागतो, गरम चालत न्हाय. मासळीचा काटा दोनदा बघायचा. नवीन जागी ती दोन-तीन दिवस जेवत न्हाय, तोंड घट्ट मिटून बसते. तवा जबरदस्ती करू नये. तिच्या बाजूला बसून आपण आपलं जेवावं. बघून बघून ती आपणच हात पुढं करते. कपड्याला बटण असेल तर तोडून तोंडात घालते. महिन्याच्या शेवटी पाळी येते, रक्त बघून घाबरते. तवा कोणी तरी हात धरून बसावं, पोट शेकावं. फिट वर्षातून एकदा येते. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं न्हाय. कुकरच्या शिट्टीला ती भिते. रडली तर गप बस म्हणू नये, पाठीवरून हात फिरवत राहावं. रडून झालं की आपण होऊन हसते.

माझा आवाज तिला फोनवर ऐकवू नका. मागं एकदा ऐकवला तर दिवसभर फोन उलटा-पालटा करून मला शोधत व्हती.

तिकडून मी वहीत लिहीन. निशा फोटो काढून रुबीनाच्या मोबाइलवर पाठवेल. तूपण तसंच कर.

तुझी
कमळ


भिवंडी
१८ जानेवारी २०२४

कमळ,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं.

तू निर्धास्त जा. माडीवरची खोली झाडून घेतली आहे, कुकर रुबीना मागच्या पडवीत लावील. भाविक परवा येऊन बसून गेला, सगळं बोलणं झालं. तो तुझी फार काळजी करतो गो. मुलं वरून कशीही दिसोत.

सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. तेव्हापासून तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस. आता मागितलंस, तर एवढं लांबलचक लिहून का मागतेस? नुसतं म्हणाली असतीस तरी चाललं असतं.

शनिवारी सकाळी तिला घेऊन ये. चहा इथंच घे.

माजिदा


बँकॉक
२१ जानेवारी २०२४

माजिदा,

काल रातीला पोचलो. हाटेल चौदा माळ्यांचं हाय आणि आमी बाराव्यावर. खिडकीतून माणसं दिसत न्हाईत, नुसत्या गाड्यांची टपं.

सकाळच्या नाश्त्याला तांदळाची पेज व्हती. मासळीचे तुकडे घातलेली, वर तळलेला लसूण. आपल्यासारखीच, पण मीठ कमी. भाविकनं माझ्यासाठी वाटी आणली, मंग चमचा, मंग परत उठून रुमाल आणला. लग्न झाल्यापासून त्यानं मला पाण्याचा गलासपण दिलेला आठवत न्हाय.

नंतर प्रतुनाम म्हणून वस्ती हाय तिथं गेलो. कपड्यांचा समुद्र. एका जातीचे तीन नग घेतले की भाव उतरतो, म्हणून बाया तीन-तीन घेऊन गाठोडी बांधतात. निशा भराभर निवडत व्हती. मी एकेक कापड चिमटीत धरून बघितलं आणि दोन बाजूला काढली. म्हटलं, हे पहिल्या धुण्यात आटेल. ती म्हणाली, "आई, तुम्हाला कसं कळतं?" तुझ्या अब्बांच्या कापडाच्या कारखान्यात दोन वर्षं सुताच्या कांड्या भरल्यात मी, हे तिला कुठं माहीत.

बाजाराबाहेर एक बाई लाकडी उखळात कच्ची पपई कुटत व्हती. मिरची, शेंगदाणे, लिंबू आणि मूठभर सुका जवळा. जवळ्याचा वास आला आणि माझे पाय थांबले. भाविकनं लगेच घेऊन दिली. चव झणझणीत व्हती. पण दोन घास खाऊन बाकीची भाविकला दिली.

ती काय जेवली ते लिही. बाकी काही न्हाय लिहिलंस तरी चालेल.

कमळ


भिवंडी
२२ जानेवारी २०२४

कमळ,

करिष्मा मजेत आहे. काल दुपारी तांदळाची भाकरी केली, सुकटीचं कालवण केलं. दीड भाकरी खाल्ली तिनं. मग अजून हवं म्हणून माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. रात्री दूधभात. कालवून, निववून दिला, तू लिहिलंस तसा.

खालचे लूम आम्ही भाड्यानं दिलेत हे तुला माहीत आहे. ते चालू झाले की माडीची भिंत थरथरते. मला आवाज येत नाही, पण पायाला कळतं. ती भिंतीला तळहात लावून बसते आणि हसते. लाइट गेली, लूम थांबले, की माझ्याकडे बघते, जणू मीच बंद केले.

फोटो पाठवत नाही. तू बघशील आणि रडशील, मग भाविकचा एवढा खर्च वाया.

तू पोटभर खा. मी दुवा करते.

माजिदा


बँकॉक
२३ जानेवारी २०२४

माजिदा,

तुझं पत्र निशानं काल संध्याकाळी वाचायला दिलं. वाचलं आणि मंग जेवले. आता असं कर, रोज जेवणाच्या आधी पाठव.

काल चिनी लोकांच्या वस्तीत नेलं व्हतं. रस्त्यावरच टेबलं मांडलेली. आख्खी मासळी जाड्या मिठात थापून निखाऱ्यावर भाजतात. कातडं सोललं की आत पांढरं, मऊ, वाफ निघते. काटा काढून काढून मी घास करून ठेवले. चार घास झाले तवा ध्यानात आलं की मी कोणासाठी करतेय. भाविकनंपण बघितलं. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला न्हाय. आला तवा डोळे लाल व्हते. म्हणाला, मिरची लागली. त्याच्या ताटात मिरची न्हवती.

शेवटी आंबा दिला, चिकट भाताबरोबर, वर नारळाचं दूध. जानेवारीत आंबा, कसा काय ते देव जाणे. करिष्मा असती तर दूध आधी चाटून संपवलं असतं.

आज तिच्यासाठी कपडे घेतले. ढगळ गाऊन, बटण न्हाय, नाडी न्हाय, नुसतं गळ्यातून घालायचं. मी दोन घेतले. निशानं आणखी चार काढले. म्हणाली, "आई, रोज एक लागेल, कमी पडायला नकोत." मी म्हटलं, घरी मी रोज धुते की. ती खाली बघून घड्या घालत राहिली. मीपण तिच्याबरोबर घड्या घातल्या.

भाविक दिवसातून वीसदा विचारतो, आई, आवडलं ना? मी हो म्हणते.

ती झोपते का? कोणाच्या कुशीत झोपते? रातीला उठून दार बघते का? सगळं लिही.

कमळ


भिवंडी
२४ जानेवारी २०२४

कमळ,

ती माझ्याच बाजूला झोपते. पदर मुठीत धरते. दार वगैरे काही बघत नाही. आज सकाळी घावन केले, तीन खाल्ले. दुपारी खिचडी आणि पापड. पापड मोडून मोडून रुबीनाच्या मुलीला पण भरवला.

इथं थंडी आहे. मला खोकला झालाय.

इतकं विचारू नकोस गो. तू फिरायला गेली आहेस. फिरून घे.

माजिदा


बँकॉक
२६ जानेवारी २०२४

माजिदा,

हे इथलं शेवटचं पत्र. उद्या निघतो.

काल खालच्या कालव्यातून होडीनं गेलो. पाणी काळं, वास आपल्या खाडीचाच. उतरलो तिथं धक्क्यावर एक म्हातारी केळी तळून विकत व्हती. बाजूला तिची पोर बसलेली, चाळिशीची असेल. मान एका बाजूला, ओठ थोडे उघडे. मी लांबूनच ओळखलं. माय केळी तळायची आणि पोर कागदाच्या पुडीत घालून रबर लावायची. एकेका पुडीला लय वेळ लागायचा, गिऱ्हाईक उभं राहायचं, कोणी बोलायचं न्हाय.

मी तिच्या बाजूला फळकुटावर बसले. तासभर बसले. तिनं मला एक पुडी दिली आणि माझी बांगडी फिरवून बघितली. निशा आणि भाविक लांब उभे.

भाविक आला, "चल आई." मी विचारलं, "ह्या बाईचं वय काय असेल?" म्हणाला, "सत्तर असेल." मी म्हटलं, "मंग हिच्यानंतर पोरीचं काय?"

तो बोलेल असं वाटलं. तोंड उघडलं पण त्यानं. मंग म्हणाला, "आई, होडी सुटेल."

उद्या संध्याकाळपर्यंत अंजूरला पोचू. तू दारात वाट बघत बसू नको. खोकल्याला हळद घे.

कमळ


भिवंडी
२८ जानेवारी २०२४

कमळ,

हे पत्र पंढरीच्या हाती देते आहे. काल तू आलीस आणि माझ्याकडे आली नाहीस. म्हणजे भाविकनं गाडीतच सांगितलं असणार. तरी माझ्या तोंडून तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. माफ कर असं लिहिणार नाही. त्याचा मला हक्क नाही.

जानेवारीच्या तीन तारखेला भाविक माझ्याकडे आला. कागदावर लिहून लिहून बोलला, मला ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती. मुरबाडच्या पुढे एक संस्था आहे, अशा मुलामुलींची. दोन वर्षं यादीत नाव होतं, आता जागा मिळाली आहे. आईला विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणाला. मागं नुसता विषय काढला तर तू ताट भिरकावलं होतंस आणि दोन महिने त्याच्याशी बोलली नव्हतीस. "खाला, आई थकली आहे. करिष्माला उचलताना तिचा श्वास लागतो. मी आईला बाहेर नेतो, तेवढ्यात तुम्ही करिष्माला सोडा. ती तुमच्याबरोबर रडणार नाही." मी आठ दिवस झोपले नाही. मग हो म्हणाले.

शनिवारी तुझी गाडी वळली आणि दोन तासांनी कुणाल, भाविकचा मित्र, गाडी घेऊन आला. करिष्मा आनंदानं बसली. वाटेत माझा हात सोडला नाही. जागा चांगली आहे कमळ. झाडं आहेत, स्वच्छ आहे, बाया प्रेमाच्या आहेत. तुझं पत्र मी तिथल्या मोठ्या बाईंना वाचून दाखवलं, त्यांनी उतरवून घेतलं. मी निघाले तेव्हा ती अंगणात मांजर बघत होती. तिला कळलं नाही. मी तशीच निघाले.

म्हणजे मी लिहिलं ते सगळं खोटं. भाकरी, सुकट, घावन, सगळं. मी रोज तिथं फोन करायला रुबीनाला सांगायची. पहिले तीन दिवस ती जेवली नाही. चौथ्या दिवशी थोडं दूध घेतलं. आता जेवते म्हणतात. पहिला महिना घरच्यांनी यायचं नाही असा तिथला नियम आहे, सवय व्हावी म्हणून.

तू मला शिव्या दे. पण काही तरी लिही.

माजिदा


भिवंडी
१२ फेब्रुवारी २०२४

कमळ,

पंधरा दिवस झाले. पंढरी म्हणतो, पत्र तुझ्या हातातच दिलं.

काल मी आले होते. तुझ्या पडवीत अर्धा तास उभी होते. तू आत होतीस, चुलीचा धूर येत होता. मी कडी वाजवली. तू आतून काही बोलली असशील तर मला ऐकू आलं नसेल. मग शेजारची बाई आली, हातानं खुणा करून म्हणाली, जा.

तुझी इच्छा असेल तर परत येणार नाही. एवढंच लिहून पाठव.

माजिदा


अंजूर
२६ फेब्रुवारी २०२४

माजिदा,

त्या दिवशी मी आतून काही बोलले न्हाय. दाराला पाठ लावून बसले व्हते. तुझ्यावर राग न्हाय. तुला तोंड दाखवायची लाज वाटत व्हती. का, ते आज लिहिते. हे पत्र वाचून कोणाला दाखवू नको, भाविकला तर मुळीच न्हाय.

मला माहीत व्हतं.

डिसेंबरात भाविकनं कागद आणले. पासपोर्टचे हायेत म्हणाला, इथं इथं सही कर. चष्मा आणू का विचारलं तर म्हणाला, कशाला, नुसत्या सह्याच हायेत. पण एका कागदावर अक्षर मोठं व्हतं. करिष्माचं नाव व्हतं आणि खाली लिहिलेलं, कायम निवासी. मी कागदावरून नजर काढली आणि सही केली. अक्षर नीट यावं म्हणून सावकाश केली.

तुला वाटेल, मंग बोलले का न्हाय. बोलले असते तर मला न्हाय म्हणावं लागलं असतं. मी तिची आय. माझ्या तोंडून हो कसं निघणार? त्यानं मला फसवलं म्हणजे माझ्याकडून झालं न्हाय, असं मला करून घ्यायचं व्हतं. पोरानं पाप आपल्या डोक्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. जायच्या आधीचं ते पत्र लिहिलं तुझ्या नावानं, पण तुला सांगायची त्यात एक तरी गोष्ट व्हती का? बटणं, काटे, फिट, सगळं तुला पाठ हाय. मी ते तिथल्या बायांसाठी लिहिलं. तू वाचून दाखवशील एवढीच आशा व्हती. दाखवलंस. बरं केलंस.

आता मी असं का केलं ते ऐक. हे भाविकलापण माहीत न्हाय.

सप्टेंबरात, गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी मोरीत पडले. सकाळी आठ वाजले असतील. डोळे उघडले तवा ऊन मागच्या भिंतीवर गेलं व्हतं, म्हणजे चार-साडेचार. करिष्मा माझ्या बाजूला ओल्या फरशीवर बसली व्हती. तिनं माझ्या अंगावर चादर घातली व्हती, ती भिजून गेलेली. मी निजलेय असं तिला वाटलं. उठवायचं न्हाय, हे मीच तिला शिकवलंय. दिवसभर पाणी न्हाय, घास न्हाय. गॅसवर दूध ठेवलेलं ते जळून, टोप काळा होऊन, गॅस संपून विझला. देवानंच विझवला. मी हलले तवा ती हसली आणि माझ्या तोंडाला हात लावून म्हणाली, "आय, भूक."

मी उठले न्हसते तर ती तिथंच बसून राहिली असती, माजिदा. भाविक कल्याणला, रविवारी येणारा. चार दिवस ती माझ्या उठण्याची वाट बघत बसली असती. त्या दिवसापासून मला झोप न्हाय.

तुझी पत्रं खोटी हायेत हे मला पहिल्याच पत्रात कळलं. नवीन जागी पहिल्या दिवशी दीड भाकरी? पण मला ती हवी व्हती. मी तुला मुद्दाम विचारत राहिले. तू लिहायचीस आणि मी ते वाचून घास गिळायचे. तुला किती तरास झाला असेल ते कळत व्हतं तरी विचारायचे. ह्याची लाज वाटते.

धक्क्यावर मी भाविकला बोलायला जागा करून दिली. तो बोलला असता तर आमी दोघंही मोकळे झालो असतो. त्याला जमलं न्हाय. मला तरी कुठं जमलं.

काल रविवारी महिना भरला म्हणून भाविकनं भेटायला नेलं. बँकॉकचे गाऊन घेऊन गेले. तिथल्या बायांनी बोटभर पांढरी पट्टी शिवली आत, त्यावर शाईनं लिहिलं, बेचाळीस. सगळ्यांच्या कपड्यांवर आकडे असतात, धुण्यात गोंधळ होऊ नये म्हणून. बरोबरच हाय ते.

ती बारीक झालीय. केस कापलेत. मला बघितलं आणि उभी राहिली. धावत आली न्हाय. आत गेली. मला वाटलं रुसली. तर पाच मिनिटांत बाहेर आली, पिशवी घेऊन. चादर कोंबलेली, ताट-वाटी, दात घासायचा ब्रश, दुसऱ्या कोणाची तरी चप्पल. माझ्या बाजूनं सरळ गेली आणि गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडता येत न्हाय तिला. माझ्याकडे बघून हसत व्हती.

मी तिला परत आत नेलं, जेवायला बसवलं. पिशवी मांडीवरच ठेवली व्हती तिनं. मोठ्या बाई मला हळूच म्हणाल्या, "मावशी, ती जेवतेय तोवर तुम्ही मागच्या दारानं निघा. बघितलं की जास्त तरास होतो. सगळेच तसे जातात." त्या वाईट बाई न्हाईत. अनुभवाचं बोलल्या. मी मागच्या दारानं निघाले. भाजीचा वाफा हाय तिथून, कुंपणाच्या फटीतून. गाडी भाविकनं लांब नेऊन ठेवलेली. चालताना मला मागून कोणीतरी चोर म्हणून हाक मारील असं वाटत व्हतं.

पुढल्या रविवारी मला जमणार न्हाय. तू जा. भाविक गाडी देईल. आणि ह्या वेळी खरं लिही.

कमळ


भिवंडी
४ मार्च २०२४

कमळ,

काल गेले. जसं झालं तसंच लिहिते. तुला लागेल, तरी लिहिते.

मी अंगणात शिरले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. मला ओळखलं. "खाला" म्हणाली, तिचे ओठ मला वाचता येतात. मग माझ्या मागं बघितलं. मला बाजूला सारून फाटकापर्यंत गेली, रस्ता बघितला. कुणाल गाडीत होता, त्याच्या गाडीत वाकून बघितलं. मागच्या सीटवर पण बघितलं. परत येऊन ओट्यावर बसली.

पिशवी आता त्यांनी काढून घेतली आहे. रोज संध्याकाळी ती भरून फाटकाशी बसायची. दोन मुली तिचं बघून तसंच करायला लागल्या, म्हणून काढली.

हाताला खरचटलेलं आहे. कुंपणाची तार लागली. कुंपण कुठलं ते मोठ्या बाईंनी सांगितलं. तू ज्या फटीतून गेलीस तिथं तिला कोणी नेलं नव्हतं, तिनं स्वतः शोधली. जेवून झाल्यावर तुला शोधत घरभर फिरली आणि ओल्या मातीत चपलेचे ठसे बघत तिथं गेली. हे त्यांनी तुला फोनवर सांगितलं नाही. मी सांगते, कारण तू खरं लिही म्हणालीस.

जेवायला मी तिच्या बाजूला बसले. भात, आमटी, कोबी. सखू नावाची एक बाई आहे तिथं, कातकरी आहे, चाळीस वर्षांची. तिनं भात कालवला, फुंकर घातली आणि काही न बोलता स्वतःचं जेवायला लागली. करिष्मानं हात पुढं केला. अर्धं ताट जेवली. तीन घावन नाहीत, दीड भाकरी नाही. अर्धं ताट. सखूच्या पदराला हात पुसला.

मी निघताना बाई मला पण म्हणाल्या, मागनं जा. मी गेले नाही. मला ऐकू येत नाही याचा एक फायदा, नाही ऐकलं असं दाखवता येतं. मी तिच्यासमोर उभी राहिले, चप्पल घातली, हातानं सांगितलं, खाला घरी जाते, परत येते. ती रडली. जमिनीवर बसून रडली. सखू तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. मी फाटकापर्यंत मागं बघत गेले. वळताना बघितलं तर ती रडतच होती, पण माझ्याकडे बघत होती. कुंपणाकडे बघत नव्हती.

हे बरं केलं की वाईट, मला माहीत नाही. रात्रभर तिचं तोंड डोळ्यांसमोर होतं.

पुढच्या मंगळवारी रोजे लागतील. त्याआधी तुझ्याकडे येऊ का?

माजिदा


अंजूर
६ मार्च २०२४

माजिदा,

पत्र काल मिळालं. ठशांचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. मंग आज सकाळी पुढचं वाचलं.

काल संध्याकाळी भाविक आला व्हता. त्याला मी कागदाचं सांगितलं. म्हटलं, मी वाचलं व्हतं, बाबा. सही मी समजून केली, तू फसवलं न्हायस. तो उभाच राहिला. मंग खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा आवाज काढून रडला. मी त्याला जवळ घेतलं न्हाय लगेच. थोड्या वेळानं घेतलं. मंग त्यानं विचारलं, "आई, तिला परत आणायचं का?" मी मोरीतलं सांगितलं.

ती तिथंच राहील. माझ्या डोळ्यांदेखत तिला सखूची सवय होऊ दे. मी असेपर्यंत झालेली बरी.

रविवारी दहा तारखेला सकाळी सातला तू फाट्यावर ये. दोघी जाऊ. भाविकपण येतो म्हणाला. तिच्या बाजूला बसून जेवू आणि निघायची वेळ झाली की तिच्या समोरून निघू. मी तिला सांगेन, आय घरी चालली, रविवारी येईल. तिला सगळं कळणार न्हाय. ती रडेल, गाडीच्या मागं येईल, फाटकाच्या गजांना धरून उभी राहील. मी काच खाली ठेवीन.

कमळ